बिनतारी हेडफोन आणि लिनक्सचा कारभार

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची सर्वसाधारण देखभाल थांबवली, आणि ज्यांचे संगणक पुढच्या आवृत्तीच्या अटींत बसत नव्हते अशा पुष्कळ लोकांपुढे, उत्तम चालत असलेले यंत्र मोडीत काढावे की त्यावर दुसरी एखादी कार्यप्रणाली बसवावी, हा प्रश्न येऊन उभा राहिला. त्यांपैकी जे लिनक्सकडे वळले त्यांचा पहिला अनुभव बहुधा समाधानाचा असतो. ब्राउझर चालतो, युनिकोडातले मराठी टंकलेखन होते, प्रिंटर कामाला लागतो, आणि जुना लॅपटॉप पूर्वीपेक्षा चपळ झाल्याचा प्रत्यय येतो. अडचण येते ती ब्लूटूथचा हेडफोन जोडण्याच्या वेळी. जो हेडफोन डबीतून बाहेर काढताक्षणी फोनशी जोडला जातो, तोच ह्या संगणकाला कधी दिसत नाही, कधी दिसूनही जोडला जात नाही, कधी जोडला गेल्याची नोंद पडद्यावर उमटते पण कानात आवाज येत नाही, आणि कधी गाणे सुरेख चालू असता एखाद्या ऑनलाइन बैठकीत सामील होताच सगळा ध्वनी चिरका नि सपाट होऊन बसतो.

ह्या तक्रारी एकाच जातकुळीच्या दिसत असल्या तरी त्यांची उगमस्थाने निरनिराळी आहेत. आणि कोठे काय अडले आहे ह्याची चौकशी न करता, कोणी सुचवलेली एखादी आज्ञा टर्मिनलमध्ये उतरवून पाहायची, तिने गुण आला नाही तर दुसरी पाहायची, आणि सरतेशेवटी सगळी प्रणालीच पुसून नव्याने बसवायची, हा जो प्रघात पडला आहे त्यानेच माणसे अधिक हैराण होतात असे माझे स्पष्ट मत आहे. तहसील कचेरीत दिलेला अर्ज आवक-जावक कारकुनाकडून अव्वल कारकुनाकडे, तेथून नायब तहसीलदाराकडे आणि मग तहसीलदाराच्या सहीला जातो. तो मध्येच अडकला तर जाणता माणूस दर आठवड्याला नवा अर्ज करीत नाही, आपला कागद सध्या कोणाच्या टेबलावर आहे ह्याचा तपास करतो. हेडफोनपर्यंत जाणाऱ्या आवाजाचेही तसेच आहे, आणि लिनक्सची थोरवी ही की तिच्या कचेरीतल्या प्रत्येक टेबलाचे दप्तर सामान्य माणसाला उघडून पाहण्याची मुभा आहे.

हा मार्ग थोडक्यात असा. गाणे वाजवणारी आज्ञावली आपला ध्वनी ‘पाइपवायर’ नावाच्या सेवेच्या हवाली करते. अनेक ठिकाणांहून येणारे आवाज एकत्र करून, ते हवेतून पाठवण्याजोगे आकुंचित करून पुढे देणे हे ह्या सेवेचे काम आहे. कोणता आवाज कोणत्या उपकरणाकडे जावा ह्याचा निर्णय तिच्या जोडीची ‘वायरप्लंबर’ ही आज्ञावली करते. ब्लूटूथच्या उपकरणाशी ओळख पटवणे, करारमदार करणे आणि जोडणी टिकवणे हे काम ‘ब्लूझ’कडे असते. त्याच्या खाली लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, व त्यातला ड्रायव्हर. त्याच्या खाली प्रत्यक्ष ब्लूटूथची चिप व तिच्या पोटातले फर्मवेअर. आणि त्यापुढे मोकळी हवा. ह्यांतील ब्लूझची उभारणी क्वालकॉम कंपनीत असलेल्या मॅक्स क्रासनियान्स्की ह्यांनी केली व २००१ साली ते कर्नलमध्ये समाविष्ट झाले. ध्वनीच्या वाटपाचे काम पुढे बरीच वर्षे लेनार्ट पोटरिंग ह्यांनी २००४ साली आरंभलेल्या ‘पल्सऑडिओ’ने केले. मधल्या काळात, २०१२ च्या अखेरीस, ब्लूझची पाचवी आवृत्ती आली तेव्हा टेलिफोनविषयक कामकाज ब्लूझने आपल्याकडून काढून इतरांवर सोपवले, आणि त्या जबाबदारीची नीट वाटणी होईपर्यंत हेडफोनचा मायक्रोफोन लिनक्सवर पुष्कळदा मुका राहिला. लिनक्सवर ब्लूटूथ चालत नाही अशी जी अपकीर्ती आजही कानी पडते, तिचा मोठा हिस्सा त्या संक्रमणकाळाच्या पदरी घालावा लागेल. रेड हॅट कंपनीतील विम टायमन्स ह्यांनी रचलेले पाइपवायर एप्रिल २०२१ मध्ये ‘फेडोरा ३४’ने आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये उबुंटूच्या २२.१० ह्या आवृत्तीने ध्वनीसाठी स्वीकारले, तेव्हापासून स्थिती झपाट्याने पालटली. म्हणून ज्यांच्या संगणकावर ह्याआधीची जुनी आवृत्ती आहे त्यांनी इतर कोणताही खटाटोप करण्यापूर्वी प्रणाली अद्ययावत करून घ्यावी, एवढे एकच सरसकट लागू पडणारे मार्गदर्शन मी करू शकतो. बाकी सर्व तपासाअंती ठरते.

सर्वांत अधिक गैरसमज ज्या तक्रारीविषयी आहे तिच्यापासून आरंभ करणे इष्ट होईल: बैठकीत सामील होताच आवाज बिघडतो, ती तक्रार. हा बिघाड नव्हे. हेडफोनशी व्यवहार करण्याचे दोन स्वतंत्र शिरस्ते ब्लूटूथमध्ये ठरलेले आहेत, त्यांना तांत्रिक भाषेत ‘प्रोफाइल’ म्हणतात, आणि त्या दोहोंच्या मर्यादा समजून घेतल्याखेरीज ह्या तक्रारीचा उलगडा होत नाही. ब्लूटूथचे तंत्र स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत, लुंड ह्या गावी, १९९४ पासून आकाराला येऊ लागले. याप हार्टसन ह्या डच अभियंत्याचा त्यात मोठा वाटा होता. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा ह्या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन त्यासाठी संघ स्थापन केला. टेलिफोनच्या धंद्यातल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे साहजिकच टेलिफोनचे संभाषण होते, म्हणून हेडसेटसाठी पहिला शिरस्ता ठरला तो बोलण्याचा: आवाज दोन्ही दिशांनी जावा, उशीर होऊ नये, आणि माणसाचे बोलणे कळावे, एवढीच त्याची अपेक्षा. त्यात ध्वनीचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, आणि नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्याहून वरची कंपने टिपणे गणिताच्या नियमानेच अशक्य असल्यामुळे ४,००० हर्ट्‌झच्या वरचे सर्व काही गळून पडते. शिवाय डाव्या-उजव्या कानाचा भेदही राहत नाही. २०११ साली ह्याच शिरस्त्यात सुधारणा होऊन नमुने १६,००० पर्यंत गेले, त्याने संभाषण अधिक स्वच्छ झाले, पण संगीताला तेही अपुरेच.

संगीतासाठीचा दुसरा शिरस्ता २००३ साली मंजूर झाला, त्याचे नाव ‘एटूडीपी’. ह्यात दोन्ही कानांसाठी वेगळा ध्वनी, सीडीप्रमाणे सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि ‘एसबीसी’ नावाच्या सक्तीच्या आकुंचनपद्धतीने सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिटपर्यंत मजकूर पाठवण्याची सोय. मात्र हा मजकूर एकाच दिशेने जातो, संगणकाकडून कानाकडे. हेडफोनमधल्या मायक्रोफोनचा आवाज परत आणण्याची तजवीज ह्या शिरस्त्यात नाही. म्हणजे जुन्या, प्रचलित ब्लूटूथमध्ये उत्तम संगीत ऐकणे आणि त्याच हेडफोनच्या मायक्रोफोनात बोलणे ह्या दोन गोष्टी एका वेळी साधत नाहीत. विंडोजवर नाही, मॅकवर नाही आणि लिनक्सवरही नाही. फोनवर ही उणीव ध्यानात येत नाही, कारण कॉल आला की गाणे आपोआप थांबते आणि तुलना करण्याचा प्रसंगच उरत नाही. संगणकावर मात्र आपण गाणे चालू ठेवूनच ब्राउझरमधल्या बैठकीचे दार उघडतो, ब्राउझर मायक्रोफोन मागतो, वायरप्लंबर त्याची मागणी पाहून हेडफोनला बोलण्याच्या शिरस्त्यावर नेते, आणि त्याच क्षणी तंबोऱ्याच्या जवारीतला वरचा झंकार, टाळांची किणकिण आणि गायकाच्या श्वासाचे बारकावे एकदम नाहीसे होतात. ज्याला हा बदल उघड्या डोळ्यांनी पाहायचा असेल त्याने ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ ही छोटी आज्ञावली बसवून तिच्या ‘कॉन्फिगरेशन’ ह्या पानावर हेडफोनच्या नावासमोर लक्ष ठेवावे. तेथे ‘हाय फिडेलिटी प्लेबॅक’ असे लिहिलेले असते ते बैठक सुरू होताच ‘हेडसेट हेड युनिट’ होते, आणि बैठक संपली की पूर्ववत होते. तसे झाले नाही, तर तेथेच यादी उघडून हाताने पहिला विकल्प निवडावा; संगणक बंद करून चालू करण्याची काही आवश्यकता नाही.

ह्यावरचा उपाय फार साधा असून त्याची पुरेशी माहिती लोकांना नाही ह्याचे मला वाईट वाटते. बोलण्यासाठी हेडफोनचा मायक्रोफोन वापरूच नये. लॅपटॉपच्या पडद्यावर कॅमेऱ्याच्या शेजारी जो मायक्रोफोन असतो, तो ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘इनपुट’ म्हणून नेमावा, आणि बैठकीच्या आज्ञावलीतही तोच निवडावा. म्हणजे हेडफोनवर केवळ ऐकण्याचे काम राहते, तो संगीताच्या शिरस्त्यावरच स्थिर राहतो, परदेशी असलेल्या मुलाचा आवाज आपल्याला भरदार ऐकू येतो, आणि आपला आवाजही त्याला बहुधा पूर्वीपेक्षा बरा ऐकू जातो, कारण लॅपटॉपच्या मायक्रोफोनाला त्या अरुंद वाटेने जावे लागत नाही. एवढ्यावरही एखादी आज्ञावली हटकून हेडफोनचाच मायक्रोफोन उघडीत असेल, तर वायरप्लंबरच्या सेटिंगमधील ‘ऑटोस्विच टू हेडसेट प्रोफाइल’ हा विकल्प रद्द करून ठेवावा. मात्र येथे एक इशारा आवश्यक आहे. २०२४ साली वायरप्लंबरची ०.५ ही आवृत्ती आली तेव्हा तिच्या सेटिंगच्या फाइलींची लेखनपद्धती समूळ बदलली. त्याआधीच्या टिपणांत दिलेला मजकूर नव्या आवृत्तीत जसाच्या तसा उतरवला तर तो लागू पडत नाही. म्हणून कोणाचाही सल्ला अमलात आणण्यापूर्वी तो कोणत्या आवृत्तीसाठी दिला आहे ते पाहावे, आणि आपल्याकडे कोणती आहे तेही पाहावे.

आता जोडणीकडे वळू. पडद्यावरच्या खिडकीतून जोडणी होत नसेल तर तिच्याशी झगडत बसण्यापेक्षा टर्मिनलमध्ये ‘ब्लूटूथसीटीएल’ ही आज्ञा देऊन ब्लूझशी थेट बोलावे. खिडकी ज्या ठिकाणी नुसते फिरते चक्र दाखवते, तेथे ही आज्ञा अडचणीचे नाव सांगते. प्रथम हेडफोनला जोडणीच्या स्थितीत आणावे, म्हणजे त्याचे बटण, किंवा डबीवरचे बटण, दिवा लुकलुकू लागेपर्यंत दाबून धरावे. आणि घरातल्या फोनचे ब्लूटूथ तेवढा वेळ बंद ठेवावे, कारण फोनने आधीच ताबा घेतलेला हेडफोन संगणकाला बहुधा प्रतिसाद देत नाही. मग ‘स्कॅन ऑन’ म्हटले, की एकेका ओळीत सभोवतालच्या उपकरणांची नावे आणि प्रत्येकाचा पत्ता येऊ लागतो. हा पत्ता दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांचा असतो. येथे बारकाईने पाहावे. काही हेडफोन दोन ओळींत दिसतात, एका ओळीत त्यांचे नुसते नाव असते आणि दुसरीत त्याच नावाच्या आधी ‘एलई’ ही अक्षरे असतात. ही दुसरी ओळ कमी ऊर्जेच्या वाहिनीची असते. जुन्या शिरस्त्यांचे संगीत तिच्यावरून जात नाही, आणि ‘जोडले आहे पण आवाज नाही’ ह्या तक्रारीचे मूळ कित्येकदा हीच चुकीची ओळ निवडण्यात असते. योग्य पत्ता हाती आला की ‘पेअर’, ‘ट्रस्ट’ आणि ‘कनेक्ट’ ह्या तीन आज्ञा त्या पत्त्यासह क्रमाने द्याव्यात. पहिलीने ओळख पटते व गुप्त किल्लीची देवघेव होते. दुसरीने, पुढे हेडफोन आपण होऊन जोडणी मागू लागला तर दर वेळी आपली परवानगी विचारू नये, अशी कायमची सनद मिळते. आणि तिसरीने प्रत्यक्ष जोडणी होते. मधली आज्ञा लोक विसरतात, आणि मग दुसऱ्या दिवशी हेडफोन आपोआप का जोडला गेला नाही म्हणून चकित होतात.

‘कनेक्ट’ म्हटल्यावर ‘प्रोफाइल अनअव्हेलेबल’ असा शेरा आला, तर हेडफोनला किंवा चिपला दोष देऊ नये. ब्लूझ आपले काम करायला सिद्ध असून, ध्वनी स्वीकारणारे दुसऱ्या टोकाला कोणी रुजू नाही, असा त्याचा अर्थ आहे. डेबियन आणि उबुंटूच्या घराण्यात पाइपवायरचा ब्लूटूथचा भाग वेगळ्या पॅकेजात ठेवलेला असतो, त्याच्या नावात ‘लिबस्पा’ आणि ‘ब्लूटूथ’ हे दोन्ही शब्द येतात. ते बसवून पुन्हा लॉगिन केले की हा शेरा बहुधा नाहीसा होतो. जेथे जुनी प्रणाली टप्प्याटप्प्याने नवी करीत आणली आहे तेथे पल्सऑडिओ आणि पाइपवायर ह्या दोन्ही सेवा एकाच वेळी चालू राहून हेडफोनच्या ताब्यावरून त्यांच्यात कज्जा चाललेला असणेही संभवते. ‘पीएसीटीएल इन्फो’ ही आज्ञा सध्या ध्वनीचा अंमल कोणाकडे आहे ते सांगते.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांची एक खास अडचण आहे, आणि तिचे कारण कळले नाही तर माणूस वेडावून जाईल इतकी ती चमत्कारिक वाटते. विंडोजमध्ये हेडफोन जोडला की तो लिनक्समध्ये चालेनासा होतो; लिनक्समध्ये पुन्हा ओळख पटवली की विंडोजमध्ये बंद पडतो. ह्याचे कारण असे की ओळख पटवताना १२८ बिटांची जी किल्ली तयार होते ती हेडफोन आपल्याकडे ज्या पत्त्यावर नोंदवून ठेवतो तो पत्ता लॅपटॉपमधल्या चिपचा असतो, आणि चिप तर दोन्ही प्रणालींत एकच. हेडफोनच्या दृष्टीने दोन्ही प्रणाली म्हणजे एकच इसम. त्या इसमाची नवी किल्ली आली की जुनी रद्द. मग जुनी किल्ली घेऊन आलेल्या प्रणालीला तो ओळखत नाही. उपाय असा की दोन्ही प्रणालींत एकच किल्ली असावी. प्रथम लिनक्समध्ये ओळख पटवावी, म्हणजे तेथे त्या हेडफोनची नोंद तयार होते. मग विंडोजमध्ये जाऊन तेथे ओळख पटवावी. आणि विंडोजच्या रजिस्ट्रीतली किल्ली काढून लिनक्समधल्या नोंदीत लिहावी. लिनक्समध्ये ही नोंद ‘व्हार’च्या आतल्या ‘लिब’ आणि त्याच्या आतल्या ‘ब्लूटूथ’ ह्या फोल्डरात असते. तेथे चिपच्या पत्त्याचा एक फोल्डर, त्यात हेडफोनच्या पत्त्याचा दुसरा, आणि त्यात ‘इन्फो’ नावाची साधी मजकुराची फाइल. ‘लिंक की’ ह्या मथळ्याखाली बत्तीस अक्षरांची ओळ असते, ती बदलायची व ब्लूटूथची सेवा पुन्हा सुरू करायची. हे फोल्डर मुख्याधिकाऱ्याच्या, म्हणजे ‘रूट’च्या, अधिकारानेच उघडते, आणि ते तसेच असणे योग्य आहे, कारण ही ओळ ज्याच्या हाती जाईल त्याला आपल्या संगणकाच्या नावाने हेडफोनशी व्यवहार करता येईल.

ब्लूटूथ मुळातच दिसत नसेल, म्हणजे सेटिंगमध्ये त्याचा खटकाच चालत नसेल, तर ब्लूझ आणि पाइपवायर ह्यांच्याकडे पाहण्यात अर्थ नाही. अडचण खाली, चिपपाशी आहे. प्रथम ‘आरएफकिल’ ही आज्ञा देऊन, विमानप्रवासाच्या बटणाने किंवा वीज वाचवणाऱ्या एखाद्या आज्ञावलीने रेडिओवर बंदी तर घातलेली नाही ना, ह्याची खातरजमा करावी. मग कर्नलचा रोजनामा ‘डीमेसेज’ने उघडून त्यात ब्लूटूथचा उल्लेख असलेल्या ओळी वाचाव्यात. आजच्या चिपांपैकी पुष्कळ, विशेषतः इंटेल आणि रिअलटेक ह्यांच्या, चालू होताना रिकाम्या किंवा अर्धवट असतात, आणि त्यांचे फर्मवेअर दर वेळी संगणकाने त्यांच्यात भरावे लागते. ते फर्मवेअर डिस्कवर नसेल तर रोजनाम्यात फाइलीचे नाव देऊन उणे दोन क्रमांकाची चूक नोंदवलेली असते, म्हणजे फाइल सापडली नाही. डेबियनने आपल्या तत्त्वनिष्ठेमुळे, ज्यांचा मूळ मजकूर खुला नाही अशी फर्मवेअरे वर्षानुवर्षे अधिकृत स्थापना-प्रतींबाहेर ठेवली होती; ऑक्टोबर २०२२ मध्ये सभासदांच्या मतदानाने हे धोरण बदलले आणि २०२३ च्या ‘डेबियन १२’पासून ती सोबत येऊ लागली. तत्त्वाची बाजू मला मान्य असली तरी, ज्या सामान्य माणसाला फर्मवेअर म्हणजे काय हे ठाऊक नाही त्याच्या घरी यंत्र मुके पडून राहणे हे स्वातंत्र्याच्या विचारालाही पोषक नव्हते, म्हणून तो निर्णय योग्यच झाला असे मला वाटते.

जुन्या लॅपटॉपमधली चिप दुबळी असेल तर यूएसबीत खोचायचा छोटा डोंगल घेतात, त्याविषयीही सावधगिरी हवी. केंब्रिज सिलिकॉन रेडिओ ह्या कंपनीच्या चिपचे नाव सांगणाऱ्या नकली डोंगलांचा बाजारात इतका सुळसुळाट झाला की खुद्द कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये ती नक्कल ओळखून सांभाळून घेण्याची तरतूद करावी लागली. तरीही त्यांतले काही डोंगल जोडणी मध्येच सोडतात. आणखी एक कारण विजेच्या बचतीचे. काही काळ काम नसले की कर्नल यूएसबीवरच्या चिपला निजवते आणि काही चिपा त्या निद्रेतून वेळेवर उठत नाहीत. गाणे थांबवून काही मिनिटांनी पुन्हा लावले की जोडणी तुटलेली आढळते, ह्याचा उगम पुष्कळदा तेथे असतो. ‘बीटीयूएसबी’ ह्या ड्रायव्हरला ‘एनेबल ऑटोसस्पेंड’ हा विकल्प शून्यावर ठेवण्याचा हुकूम दिला की ती तक्रार मिटते. बॅटरीचा थोडा अधिक खर्च होतो, तो सोसावा.

राहिली हवा. ब्लूटूथ २,४०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या ज्या पट्ट्यात चालते त्यातच बहुतेक घरांतले वायफाय चालते आणि मायक्रोवेव्ह भट्टीतून निसटणारी ऊर्जाही त्यातच येऊन पडते. ह्या गर्दीतून वाट काढण्यासाठी ब्लूटूथने ७९ वाहिन्या आखल्या असून सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलली जाते. २००३ च्या सुधारणेपासून गोंगाटाच्या वाहिन्या ओळखून त्या टाळण्याची युक्तीही त्यात आली. तरीसुद्धा लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच चिपवर असतात, कित्येकदा अँटेनाही सामायिक असतो, आणि मोठी फाइल उतरवून घेताना गाणे तुटक होते ते त्यामुळे. घरच्या राउटरवर ५ गिगाहर्ट्‌झची सोय असेल तर लॅपटॉप तिकडे जोडावा. ह्या एका बदलाने जितक्या जणांचा त्रास मिटेल तितका सेटिंगच्या फाइली चाळून मिटणार नाही. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क आणि तिची वायर हीदेखील ह्याच पट्ट्यात गोंगाट करतात, हे इंटेलने २०१२ सालीच एका टिपणात मोजमापांसह दाखवून दिले आहे. म्हणून ब्लूटूथचा डोंगल अशा डिस्कला खेटून न खोचता, हातभर लांबीची यूएसबीची वाढीव वायर घेऊन टेबलावर दूर ठेवावा.

एलडॅक, ॲप्टेक्स, एएसी अशा आकुंचनपद्धतींच्या गुणदोषांवर पुष्कळ चर्चा चालते. पाइपवायरमध्ये त्यांतल्या कित्येकांची सोय आहे, आणि हेडफोनला येत असेल ती पद्धती त्याच ‘कॉन्फिगरेशन’च्या पानावर निवडता येते, पण ज्याची जोडणी वारंवार तुटते त्याने अधिक भारी पद्धतीच्या मागे लागू नये. एलडॅकचा सर्वोच्च वेग सेकंदाला ९९० किलोबिट आहे. गोंगाटाच्या हवेत एवढा भार पेलत नाही, आणि स्थिर चाललेली एसबीसी पुष्कळ कानांना पुरेशी असते.

बोलणे आणि संगीत ह्यांची फारकत मात्र कायमची राहील असे नाही. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ ह्या नव्या व्यवस्थेत दोन्ही दिशांनी चांगल्या दर्जाचा ध्वनी एका वेळी नेता येतो, आणि तिच्यासाठी फ्राउनहोफर संस्था व एरिक्सन ह्यांनी मिळून रचलेली ‘एलसी३’ ही आकुंचनपद्धती एसबीसीपेक्षा कमी मजकुरात अधिक स्वच्छ आवाज देते. ब्लूझ आणि पाइपवायर ह्या दोहोंत तिचे काम झालेले आहे, पण ते बहुतेक ठिकाणी अद्याप प्रायोगिक सदरात मोडते व ब्लूझच्या मुख्य सेटिंगमध्ये ‘एक्सपेरिमेंटल’ हा विकल्प मुद्दाम चालू करावा लागतो. शिवाय हेडफोन आणि संगणकातली चिप ह्या दोघांनाही ती व्यवस्था अवगत असावी लागते, आणि चिपच्या बाबतीत खोक्यावर ५.२ किंवा त्यापुढचा आकडा छापलेला असणे एवढ्याने भागत नाही, कारण ती क्षमता ऐच्छिक आहे. नवा हेडफोन विकत घेणाऱ्याने दुकानदाराकडे ‘एलई ऑडिओ’ असा स्पष्ट उल्लेख मागावा. आणि ज्याचा लॅपटॉप जुना आहे त्याने बैठकीपुरता कॅमेऱ्याशेजारचा मायक्रोफोन निवडून आपले काम चालवावे.